निमेसुलाइडच्या जास्त डोसच्या गोळीवर बंदी, पण १०० च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या तर?

मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की दिवसभर वाकून कंबर धरते. संध्याकाळी मेडिकलवर जाऊन ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटलं की काम भागतं. डॉक्टरांची चिठ्ठी अनेकांकडे नसतेच. अशाच एका गोळीबद्दल, निमेसुलाइडबद्दल, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ डिसेंबर २०२५ ला अधिसूचना काढली.

नेमका निर्णय काय?

१०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निमेसुलाइड असलेली आणि पोटात लगेच विरघळणारी औषधं बनवायला आणि विकायला बंदी आहे. १०० मिलिग्रॅमची गोळी मात्र मिळत राहणार. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी हे औषध २०११ पासूनच बंद आहे.

गोळी करते काय?

मार लागला किंवा सूज आली की शरीरातलं ‘कॉक्स’ हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करायला लागतं. त्यांच्यामुळे दुखतं, सुजतं, ताप येतो. कॉक्सचे मुख्य प्रकार दोन. कॉक्स-१ रोजचं काम करतं, जसं पोटाच्या अस्तराचं रक्षण. कॉक्स-२ सूज आली की झपाट्याने वाढतं. निमेसुलाइड मुख्यतः कॉक्स-२ ला अडवतं.

मग अडचण काय?

अँटिबॉडीने दाखवलेली गोष्ट

कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ची रचना बरीच सारखी आहे. ती वेगळी ओळखायला शास्त्रज्ञ अँटिबॉडी वापरतात. ही अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटते. तिच्यासोबत रंग वापरला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं: जिथे रंग, तिथे कॉक्स-२. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांच्या निरोगी किडनीतही ते सापडलं. पुढे माणसाच्या किडनीतही दिसलं.

म्हणजे कॉक्स-२ फक्त दुखणं देत नाही, किडनीचं कामही सांभाळतं. उन्हात घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा किडनीला त्याची जास्त गरज असते. नेमकी त्याच वेळी आपण गोळी घेतो.

बंदी कशामुळे?

निमेसुलाइडबाबत मोठी काळजी यकृताची आहे. डोस वाढला की धोका वाढतो. फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्येच त्याची विक्री थांबवली होती.

तुम्ही काय कराल?

घरातल्या स्ट्रिपवर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचा. ‘एकीने भागत नाही’ म्हणून १०० च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, तर बंदी घातलेला डोस तुम्ही घरीच तयार केला. दारू, यकृताचा किंवा किडनीचा आजार, गरोदरपण यापैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नकोच. गोळी घेतल्यावर डोळे पिवळे दिसले किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

बंदी दुकानापर्यंत पोहोचते. घरातल्या डब्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागेल.