संघांतला आठवा

गेल्या हिंवाळ्यांत एका शनिवारीं पहांटे आमच्या शेजारचे सातवींतील चिरंजीव गळ्यांत स्कार्फ अडकवून व पाठीस वळकटी लावून निरोप घेण्यास आमच्या ओसरीवर आले. जिल्ह्यांतील शाळांच्या बालवीरांचा, म्हणजे स्काऊटांचा, दोन दिवसांचा मेळावा होता. स्वारी रविवारीं सायंकाळीं परतली ती धुळीनें माखून, पण मोठ्या दिमाखांत. "आजोबा, आम्ही जमिनीवर निजलों, तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजविली आणि पाणीसुद्धां आमचें आम्हींच वाहून आणलें!" घरीं पाण्याचा तांब्या भरून न घेणाऱ्या ह्या पोराच्या तोंडून तें ऐकतांना आम्हांस संतोष वाटला. सहज विचारलें, "तुमच्या संघांत किती जण?" "आठ, पण गेलों सातच. आठव्याचे आईबाप कारखान्यावर गेले ना, म्हणून तोहि गेला." एवढें सांगून पोर घरांत पळालें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तिचें कारण सांगण्यापूर्वीं ह्या चळवळीचें मूळ थोडें पाहूं.

१९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बेडन-पॉवेल ह्या इंग्रज सेनापतीनें ब्राऊन्सी नांवाच्या लहानशा बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. त्या मुलांची निवड लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कांहीं मुलें ईटन व हॅरोसारख्या बड्या शाळांतील होतीं, तर कांहीं जवळपासच्या गांवांतील कामकऱ्यांच्या घरचीं. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघांत दोन्ही प्रकारचीं मुलें मिसळलीं. पुढें १९२० सालीं लंडनमधील ऑलिंपिया सभागृहांत पहिली जागतिक जांबोरी भरली आणि 'जांबोरी' हा शब्द सर्व जगाचा झाला. परंतु तिचें बीज त्या बेटावरील मिश्र संघांत आहे, असें आम्ही समजतों.

आपल्या देशांत ही चळवळ १९०९ सालीं बंगलोरास आली ती मात्र युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. हिंदी मुलांस तिचें दार बंद होतें. तें दार आपल्या वडीलधाऱ्यांनीं स्वतः उघडलें. १९१६ सालीं मद्रासेस डॉ. ॲनी बेझंट यांनीं हिंदी मुलांसाठीं स्वतंत्र संस्था काढली. उत्तरेंत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनीं सेवा समितीचीं पथकें उभारलीं. १९५० सालच्या ७ नोव्हेंबरास निरनिराळ्या संस्था एक होऊन आजची 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था जन्मास आली व पुढील वर्षीं मुलींची गाईड संघटनाहि तींत सामील झाली. परक्यांनीं लावलेलें दार असें उघडलें. आपल्याच हातून नकळत लागलेल्या दाराचें काय, हा आजचा प्रश्न आहे.

आमचा बीड जिल्हा ऊसतोडणीस जाणाऱ्यांचा जिल्हा आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी ह्या बाजूची जमीन कोरडवाहू आणि पाऊस बेभरंवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात, तीं मार्च-एप्रिलांत परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. हत्याराचें नांव माणसांस चिकटलें आहे. मागें सांभाळणारें कोणी नसलें कीं मुलेंहि बरोबर जातात. शाळांचे मेळावे भरतात ते नेमके ह्याच दिवसांत, कारण हवा थंड व सोयीची असते. सोयीची कोणास, हें कोणी विचारीत नाहीं.

आम्हींहि विचारलें नव्हतें. नोकरींत असतां शाळेचें स्काऊट पथक आमच्याकडे होतें. त्यांत एक ऊसतोड्याचा मुलगा होता. काठ्या व सुतळी दिली कीं तो बघतां बघतां भांडीं ठेवण्याची घडवंची उभी करी. गांठ अशी मारी कीं ओढली तर घट्ट आणि सोडली तर क्षणांत मोकळी. कोणी शिकविलें म्हणून विचारतां "मोळ्या बांधून आलं, गुरुजी," एवढेंच म्हणे. आम्हीं त्यास संघनायक केलें. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. मेळावा तीन आठवड्यांवर आला होता. आम्हीं त्याचें नांव खोडून दुसऱ्याचें लिहिलें आणि समोर तांबड्या शाईनें 'सतत गैरहजर' असा शेरा मारला.

एप्रिलांत तो परतला. पहिला प्रश्न मेळाव्याचा. आम्हीं सर्व वर्णन केलें: राहुट्या, दगडांची चूल, दुरून आणलेलें पाणी, जमिनीवरची झोंप. त्यानें मन लावून ऐकलें व म्हणाला, "मग गुरुजी, आम्हीबी तेच केलं की, पाच महिने." त्या बोलण्यांत टोमणा नव्हता, आपणहि त्यांतलेच, ह्याचा आनंद होता. इतरांस प्रमाणपत्रें मिळालीं होतीं. त्याच्या वांट्यास आमचा शेरा आला होता. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं.

'प्रवास' ह्या शब्दांतील धातु 'वस्' म्हणजे राहणें. घर सोडून अन्यत्र राहणें तो प्रवास. ह्या अर्थानें दोघेहि प्रवासीच. तथापि फडाकडेची कोपी म्हणजे छावणी, असा घोटाळा आम्ही करीत नाहीं. छावणींत मूल हौसेनें जातें व सोमवारीं शाळेंत असतें. कोपींत त्याला जावें लागतें व त्याची शाळा बुडते. तिचें कौतुक करणें हा निर्दयपणा होईल. पण तिनें दिलेली विद्या मोजण्यास काय हरकत आहे?

उपाय फार मोठे नाहींत. जिल्ह्याचा मेळावा ऑगस्टांत भरवावा. तेव्हां सर्व मुलें गांवांत असतात. पावसाची भीति वाटल्यास शाळेच्या खोल्या आहेत. आणि ब्राऊन्सीची ती पहिली छावणीहि ऑगस्टांतलीच होती. आईबाप गेल्यावर गांवींच राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें असतात. तेथें पथकें काढावींत, मुलींचींहि. परतून आलेल्यांची चूल, गांठी व सेवा ह्यांची परीक्षा एप्रिलांत निराळी घ्यावी, म्हणजे प्रथम सोपानाची पायरी त्यांना चुकणार नाहीं.

आणि घरोघरच्या वाचकांस एक विनंती. आपल्या घरचा बालवीर मेळाव्यास निघाला म्हणजे त्याचा गणवेश शिवतांना आणखी एक शिवून त्याच्या गुरुजींच्या हवालीं करावा. कोणासाठीं, हें त्यांस ठाऊक असतें. मूल परत आलें म्हणजे त्याची दृष्ट अवश्य काढावी, खिचडीच्या गोष्टी ऐकाव्या आणि एक प्रश्न विचारावा: तुमच्या संघांतला आठवा कोठें आहे? आम्हांस हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला असता, तर तांबडी शाई दौतींतच राहिली असती.