शंभर ठिपके, नव्व्याण्णव रेघा

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी एआयनं काढलेलं चित्र टाकलं, की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक 'सॉल्लिड यार!' म्हणणारी आणि दुसरी 'ही कसली आर्ट? मशीननं तर काढलंय' म्हणून नाक मुरडणारी. मग डिझाइन टीममधलं कुणीतरी हळूच विचारतं, 'आणि आमच्या नोकऱ्यांचं काय?' त्यावर सगळेच गप्प. भांडण एकदम लेटेस्ट वाटतंय ना? बॉस, ते साठ वर्षं जुनं आहे. आणि त्याची सुरुवातही एका ऑफिसातच झाली होती.

साल १९६२. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. टेलिफोन कंपनीची रिसर्च लॅब, जिथे ट्रान्झिस्टर जन्माला आला तीच. मायकेल नॉल हा बाविशीतला इंजिनीअर तिथे नोकरीला होता. त्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये गडबड झाली आणि ग्राफऐवजी कागदभर वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. 'वा, कम्प्युटरची अॅब्स्ट्रॅक्ट आर्ट!' म्हणून सगळे हसले. नॉलनं मात्र तो जोक सीरियसली घेतला.

तेव्हाचा कम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं. माऊस नाही, समोर स्क्रीन नाही. पंचकार्डांवर प्रोग्रॅम द्यायचा आणि मायक्रोफिल्मवर चित्र छापून यायची वाट पाहायची. नॉलच्या गाजलेल्या 'गॉसियन-क्वाड्रॅटिक' या चित्राची रेसिपी साधी आहे. शंभर ठिपके घ्या. प्रत्येक ठिपका आडवा कुठे पडेल हे नशिबावर सोडा, म्हणजे रँडम आकड्यांवर. उभा कुठे पडेल याला मात्र पक्कं गणित लावा. मग ठिपके ओळीनं जोडत जा. झाल्या नव्व्याण्णव रेघा! थोडी शिस्त, थोडा गोंधळ. आपल्या सोमवार सकाळसारखंच म्हणा ना.

एप्रिल १९६५ मध्ये ही चित्रं थेट न्यू यॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत लागली. सोबत बेल लॅब्जच्याच बेला यूलेश यांचं कामही होतं. पण खरी गंमत पुढे आहे. कंपनीला टेन्शन आलं. लोकांच्या फोनबिलांवर चालणाऱ्या लॅबमध्ये पोरं रेघोट्या मारत बसलीत, असा समज झाला तर? प्रदर्शन थांबवायचा प्रयत्न झाला, पण तोवर उशीर झाला होता. शेवटी कंपनीनं सांगितलं, कॉपीराइट तुमच्या नावावरच घ्या. ऑफिसच्या मशीनवर केलेलं काम आणि हक्क कर्मचाऱ्याचा! आजच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये असं एक कलम शोधून दाखवा.

नॉल कॉपीराइट घ्यायला गेला, तर सरकारी ऑफिसनं अर्ज परत पाठवला. कारण? चित्र मशीननं काढलंय. त्यानं समजावलं, की मशीन चालवणारा प्रोग्रॅम माणसानं लिहिलाय. पुन्हा नकार. यात रँडमपणा आहे, तो चालणार नाही! मग त्यानं पुढचा खुलासा केला. हे आकडे आपल्याला रँडम दिसतात, पण त्यांच्यामागचा फॉर्म्युला शंभर टक्के गणिती आहे. तेव्हा कुठे नोंदणी झाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये गेऑर्ग नेस यांनी आपली कम्प्युटर चित्रं मांडली होती. तिथले चित्रकार चांगलेच भडकले. 'माझ्यासारखं चित्र तुमचं मशीन काढेल का?' असं एकानं विचारलं. नेस यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता, की काढेल, फक्त तुम्ही कसं काढता ते मला सांगा. आता बोला! आपण रोज जे 'फील'नं करतो ते नेमकं कसं करतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

नॉलनं तर याहून कडक टेस्ट घेतली. पिट मोंद्रियान या डच चित्रकाराचं १९१७ चं चित्र आहे, छोट्या आडव्या-उभ्या रेघांचं. नॉलनं त्या धर्तीवर कम्प्युटरकडून एक चित्र काढून घेतलं. दोन्हींच्या झेरॉक्स बेल लॅब्जमधल्याच शंभर जणांना दाखवल्या. कम्प्युटरचं चित्र कुठलं, हे बरोबर ओळखणारे निघाले फक्त २८. आणि ५९ जणांना कम्प्युटरचंच चित्र जास्त आवडलं! नॉलच्या चित्रात रेघा जास्त विस्कटलेल्या होत्या आणि लोकांना विस्कटलेलं म्हणजे क्रिएटिव्ह, म्हणजेच माणसाचं वाटलं. मोंद्रियानची शिस्त त्यांना यांत्रिक वाटली. थोडक्यात काय, तर 'माणसाचा टच आपल्याला लगेच कळतो' हा आपला कॉन्फिडन्स १९६० च्या दशकातच फेल गेला होता.

मग आजचं एआय म्हणजे तेच जुनं गाणं, नवं रिमिक्स? मला तसं वाटत नाही. नॉलनं आपल्या चित्राचा प्रत्येक नियम स्वतः लिहिला होता. पॅरिसच्या व्हेरा मोल्नार १९५९ पासून कम्प्युटर नसतानाच नियम ठरवून, त्याबरहुकूम हातानं चित्रं काढायच्या. मनातल्या मनात मशीन चालवायच्या म्हणा. खरा कम्प्युटर त्यांच्या हाती आला तो १९६८ मध्ये. २०२३ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर काम सुरूच होतं. मशीन त्यांचा हात होतं. डोकं त्यांचंच. आज आपण एका ओळीची फर्माईश टाकतो आणि चित्राचे नियम भलतीकडेच, हजारो अनोळखी चित्रकारांच्या कामातून तयार झालेले असतात.

कोर्टालाही हा फरक बघावा लागतोय. अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी चित्राचा कर्ता म्हणून थेट आपल्या मशीनचं नाव लावलं होतं. कॉपीराइट नाकारला गेला. २०२३ मध्ये कोर्टानं तो नकार उचलून धरला आणि २०२५ मध्ये अपील कोर्टानंही. कर्ता माणूसच हवा.

तेव्हा ग्रुपवर पुढचं चित्र पडलं, की 'ही आर्ट आहे का?' यावर चहाब्रेक वाया घालवू नका. 'यातले नियम कुणी ठरवले?' एवढंच विचारा. हाच प्रश्न आपल्या एक्सेल शीटला, पीपीटीला आणि नोकरीलाही लावून बघा. उत्तरात तुमचं नाव येत असेल, तर टेन्शन नॉट!