जामिनावरच थांबू नका

नशा हराम आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. पण मोहल्ल्यातला मुलगा एमडीच्या पुडीसह पकडला गेला की घरचे वकिलाकडे धावतात आणि बोलणे फक्त जामिनाचे होते. सुटलेला मुलगा मग पुन्हा त्याच कट्ट्यावर दिसतो.

1985 च्या एनडीपीएस कायद्यात दुसरा रस्ताही आहे. आरोप सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल (एमडीसाठी ही मर्यादा 2 ग्रॅम आहे) आणि व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. अशा गुन्ह्यात दोषी ठरल्यावरही न्यायालय कलम 39 खाली, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकते.

माझ्या मते, हे घरच्यांना न सांगणारा वकील अर्धेच काम करतो. फी परवडत नसली तरी कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

लॉ शिकणाऱ्या भावाबहिणींनो, ही दोन कलमे मोहल्ल्यातल्या प्रत्येक आई-बापापर्यंत पोहोचवा. विकणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण व्यसनात अडकलेला मुलगा आपलाच आहे.