डोंगर कापून ‘हिल व्ह्यू’

कात्रजच्या डोंगरपायथ्याला फ्लॅट विकताना ‘हिल व्ह्यू’चे जादा पैसे लावतात आणि तोच डोंगर जेसीबीने कापतात. ब्रोशरमध्ये पाण्याची वाट नसते. जून २०१३मध्ये शिंदेवाडीजवळ डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या. सप्टेंबर २०१९मध्ये कात्रजकडून येणारा आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगरच्या घरांत घुसला. आपण ‘ढगफुटी’ म्हणून मोकळे झालो. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. आपल्याला ते नुसतं वाहू देणंही जमत नाही. ढग काही बांधकामाचे नकाशे मंजूर करत नाहीत. दोषी आहेत ओढ्यात भराव टाकणारे, त्याकडे डोळेझाक करणारे आणि बुकिंग करताना ‘इथला ओढा कुठे गेला?’ हे न विचारणारे आपण.