लंडनची चढा-उतरा बस

काय दोस्तांनो, सुट्टीचे बेत सुरू झाले की नाही? कुणी कोकणात आजोळी, कुणी महाबळेश्वरला आणि एखादा भाग्यवान थेट विमानाने! तुम्ही कुठेही जा, पण त्याआधी मामाची एक फजिती ऐकून जा. सांगताना हसू येतं, पण शेवटी थोडं वाईटही वाटतं.

2024 सालच्या उन्हाळ्यात मी माझ्या आईला घेऊन लंडनला गेलो होतो. माझी धाकटी बहीण तिथे हॅरो नावाच्या भागात राहते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दर 14 एप्रिलला ती वर्गात बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगायची. लंडनमध्ये शिकताना 1921-22 साली बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेऊन तिथे स्मारक केलं आहे. पत्ता आहे 10, किंग हेन्रीज रोड. आईला तो तोंडपाठ होता!

पण आम्ही काय केलं? आठ दिवस लग्नाचं आमंत्रण, नातेवाईक, खरेदी यांतच गेले. उरला शेवटचा एक शनिवार. रविवारी सकाळी परतीचं विमान. बहीण म्हणाली, "दादा, आईचे गुडघे दुखतात. आपण हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचं तिकीट काढू. बसल्या बसल्या अख्खं लंडन!"

ही बस म्हणजे काय ते सांगतो. दुमजली, वरचा मजला उघडा. आपल्या मुंबईत 1997 पासून ऑक्टोबर 2023 पर्यंत दिव्यांची रोषणाई दाखवत 'नीलांबरी' फिरायची, साधारण तशीच. फरक एवढाच, की लंडनची बस ठरलेल्या थांब्यांवर थांबते. हवं तिथे उतरायचं, बघायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये त्याच तिकिटावर पुन्हा चढायचं. म्हणून मी तिला नाव दिलं चढा-उतरा बस.

कागदावर किती छान! आम्ही दहा वाजता ट्रॅफल्गार चौकात बस पकडली. माझी नऊ वर्षांची भाची धावत वर गेली. आईला तो अरुंद जिना चढवेना, म्हणून मी तिच्याबरोबर खाली बसलो. तर खालच्या खिडक्यांवर बाहेरून जाहिरात चिकटवलेली! तिला बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून बाहेरचं दिसायचं. म्हणजे आईने लंडन पाहिलं ते पीठ चाळायच्या चाळणीतून.

कानाला लावायला यंत्रं होती. त्यात मुद्रित आवाज माहिती सांगतो. गाडी पुढे, आवाज मागे! आम्ही ऑल्डविचला पोचलो तेव्हा आई सावरून बसली. तिथून दोन पावलांवर 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' आहे. तिथल्या अभ्यासावर बाबासाहेबांना 1923 साली डी.एस्सी. मिळाली. कानातला आवाज त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. आई हळूच मला सांगू लागली, तेवढ्यात गाडी पुढे गेली.

सेंट पॉल्स कॅथीड्रलपाशी आम्ही उतरलो. 1666 च्या मोठ्या आगीत जुनं चर्च जळालं आणि ख्रिस्तोफर रेन यांनी हे नवं बांधलं. तो भव्य घुमट पाहून मन भरलं. पण थांब्यावर परत आलो, तर पुढची बस गच्च भरलेली. त्यानंतरचीही भरलेली. वर पावसाची भुरभुर. तिसऱ्या बसमध्ये जागा मिळेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. आईला टेकायला साधा बाकही नव्हता.

भाचीला बिग बेन बघायचं होतं. (बिग बेन हे घड्याळाचं नाव नाही बरं का, ते आतल्या घंटेचं नाव! मनोऱ्याला 2012 पासून 'एलिझाबेथ टॉवर' म्हणतात.) आता गंमत बघा. आम्ही सकाळी जिथे बसमध्ये चढलो, तिथून बिग बेन चालत दहा-पंधरा मिनिटांवर! पण आमची बस एकाच दिशेने गोल फिरणारी. ती आधी पार टॉवर ब्रिजकडे जाणार, नदी ओलांडणार आणि मग वळसा घेऊन बिग बेनला येणार. घाण्याच्या बैलाला मध्येच मागे फिरता येतं का?

त्यातून त्या दिवशी पार्लमेंटच्या बाजूला मोठा मोर्चा होता. रस्ते बंद. लंडन ब्रिज स्टेशनपाशी चालक म्हणाला, गाडी पुढे जाणार नाही. झालं! माणशी तीस पौंडांच्या वर मोजले होते, आणि उतरून पाहिलं एकच ठिकाण.

घड्याळात पाच वाजून गेले होते. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आता तरी त्या घरी जाऊ या का?"

लंडन ब्रिजहून भुयारी रेल्वेने आम्ही थेट चॉक फार्मला उतरलो. तिथून आईचा हात धरून, रेल्वेवरचा पूल ओलांडून हळूहळू चालत गेलो. घर सापडलं. बाबासाहेबांच्या नावाची निळी गोल पाटीही दिसली. पण दार बंद झालेलं होतं.

आई फाटकापाशी उभी राहिली. हात जोडले. भाचीला जवळ घेऊन पाटीवरचं नाव वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाहेरून तरी दिसलं." रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

दोस्तांनो, घरी परतल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन एक गणित मांडलं. तुम्हीही करून बघा. पूर्ण फेरीला अडीच तास, म्हणजे 150 मिनिटं. सहा ठिकाणी उतरायचं, प्रत्येक ठिकाणी 45 मिनिटं, म्हणजे 270. प्रत्येक वेळी पुढच्या बससाठी 20 मिनिटं थांबायचं, म्हणजे 120. बेरीज 540 मिनिटं, नऊ तास! यात जेवण नाही, मोर्चा नाही, भरलेली बस नाही. हे गणित आदल्या रात्री मांडलं असतं तर?

आणि खरं सांगू का, बसवर सगळा दोष टाकून चालणार नाही. शहर नवीन असेल, तर कुठेही न उतरता एक फेरी मारायला ती छान. ज्यांना चालवत नाही त्यांनाही सोयीची, फक्त खाली नीट दिसतं का ते आधी बघावं. चूक आमची होती. बस नेईल तेच बघायचं, असं आम्ही ठरवून टाकलं. आईचं ठिकाण त्या नकाशावर नव्हतंच. तिला नक्की काय बघायचंय, हे विचारायला आम्ही विसरलो. विसरलो कसले? आम्हाला ते माहीत होतं, फक्त "नंतर" म्हणालो.

म्हणून सहलीआधी एवढं करा. घरातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच ठिकाण लिहायचं. सर्वांत मोठ्याची आणि सर्वांत लहानाची चिठ्ठी आधी उघडायची. ती ठिकाणं सकाळी सकाळी उरकायची. शेवटची बस किती वाजता, ती एकाच दिशेने फिरते का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारायचं. आणि पालकहो, साध्या बसची चौकशी जरूर करा. लंडनची 15 नंबरची लाल बस ट्रॅफल्गार चौकाकडून सेंट पॉल्सवरून टॉवरकडेच जाते. 2024 साली तिचं भाडं होतं पावणेदोन पौंड, आणि माझ्या भाचीएवढ्या मुलांना तर फुकट!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. समजा, तुमच्या गावात चढा-उतरा बस सुरू झाली आणि थांबे ठरवायचे तुम्ही, तर कोणते सहा निवडाल? त्यांतला एक थांबा मात्र आजीला किंवा आजोबांना विचारून लिहायचा. यादी मला नक्की पाठवा.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
मामा