दुचाकीस प्रवेश बंद

येत्या हिवाळ्यात पुण्याहून मोटरसायकलने कच्छला जायचा बेत चाललाय. सोबत येणारा मित्र गिरगावात राहतो, तेव्हा पहिला मुक्काम मुंबईत. अशा प्रवासातलं अर्धं सुख मला आधीच मिळतं, नकाशा पसरून बसण्यात. पेट्रोल कुठे, चहा कुठे, किती वाजता निघालं की ऊन चढायच्या आत घाट उतरतो वगैरे. पण मुंबईपाशी आलं की नकाशावर फिरणारं बोट अडतं.

मोजूनच बघा. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला, दुचाकीला बंद. म्हणून जुन्या रस्त्याने लोणावळा, खोपोली, पनवेल. तिथून मुंबईत शिरायला जानेवारी २०२४ पासून जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू आहे, थेट शिवडीला उतरवणारा. बंद. मग वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, सायन करत ट्रकांच्या मधून भायखळ्यापर्यंत यायचं. पुढे जेजे उड्डाणपूल, बंद. त्याच्या खालून मोहम्मद अली रोडने जा. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघावं तर कोस्टल रोड बंद, त्याला जोडलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ पासूनच बंद. राहता राहिला पेडर रोड, हाजी अली, माहीम असा सिग्नलमागून सिग्नल.

"मग मुंबईत शिरतोस कशाला? ठाण्यावरून घोडबंदरला काढ की गाडी," असा सल्ला मिळतोच. ठीक आहे, मी काढीन. माझी हौस आहे, वर्षातून एकदाची. पण पनवेल-उरणहून रोज शिवडीला कामावर येणाऱ्याने काय करायचं? त्याला कुठला बायपास? मुंबईत नोंदलेल्या वाहनांत निम्म्याहून जास्त दुचाकी आहेत. शहरातले सगळ्यात महागडे रस्ते बांधताना या निम्म्यांना सरळ वगळायचं, हा कुठला न्याय?

बंदीच्या बाजूने कारण सांगतात ते सुरक्षिततेचं. समुद्रावर वारा असतो, मोटारी वेगात असतात, पोरं शर्यती लावतात. यातलं काहीच खोटं नाही. पण पुलावर बंदी घातल्याने दुचाकीवाला घरी बसत नाही. तो खालच्या रस्त्याने जातो, डंपर आणि बसच्या चाकांशेजारून, खड्डे चुकवत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे सरकारचेच आकडे. दुचाकीला जिथे मुभा आहे, त्याच रस्त्यांवर ही माणसं मेली ना? मग त्यांना आणखी त्याच गर्दीत ढकलून कोणाची सुरक्षितता साधली? शर्यतींचं म्हणाल तर मोटारीही शर्यती लावतात. त्यापायी कोणी मोटारींना बंदी घातल्याचं ऐकलंय? कॅमेरे बसवलेत, तर दंड करा.

दुसरं कारण टोलचं. दुचाकीकडून टोल मिळत नाही, मग तिला जागा का द्यायची? पण कोस्टल रोड महापालिकेने स्वतःच्या पैशाने बांधलाय आणि त्यावर टोल कोणालाच नाही. दक्षिण मुंबईतली मोटार तिथून फुकट जाते. डबे पोचवणारा पोरगा पेट्रोलवर कर भरतो आणि सिग्नलला थांबतो.

करायचं म्हटलं तर मार्ग आहे. मलेशियात पेनांगचा दुसरा पूल २०१४ साली उघडला. लांबी २४ किलोमीटर, बहुतेक समुद्रावरून, म्हणजे अटल सेतूहूनही लांब. त्यावर मोटरसायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. वारा तिथेही वाहतो हो! फरक इतकाच, की तिथे पुलाचा आराखडा करतानाच दुचाकीवाला धरला होता. आपल्याकडे तो पूल झाल्यावर आठवतो, तोही पाटी लावण्यापुरता.

आमच्या भटक्या मंडळींत एक टूम आहे, निदान मोठ्या गाड्यांना तरी सोडा म्हणून. जपानात १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एक्स्प्रेसवेवर बंदी आणि त्यापुढच्यांना मुभा आहे, त्याचा दाखला देतात. मला हे पटत नाही. लांबच्या एक्स्प्रेसवेचं एक वेळ समजू शकतो, पण शहरातल्या पुलावर माझ्या ३५० सीसीला रस्ता आणि कामावर जाणाऱ्या १०० सीसीला पाटी? अशी सवलत मिळाली तरी मला नको.

वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम सध्या चालू आहे. तिथे तरी वेळ आहे तोवर विचारायला हवं, की दुचाकीची मार्गिका कुठाय? हे आमदाराला, नगरसेवकाला आत्ताच लिहून विचारा. एकदा पाटी लागली की ती उतरत नाही, हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.