परग्रहावरचे निर्दोष कैदी

परग्रहावरच्या तुरुंगांच्या विज्ञानकथा मी वर्षानुवर्षं वाचत, बघत आलो आहे. त्यांतल्या बहुतेक भित्र्या आहेत. लेखक माणसाला कोट्यवधी मैल दूर नेऊन टाकतो खरा, पण त्याआधी तो निर्दोष असल्याची सोय करून ठेवतो.

1959 साली ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेत आलेला ‘द लोनली’ हा भाग घ्या. रॉड सर्लिंगने लिहिलेला. खुनाबद्दल 50 वर्षांची शिक्षा झालेला कॉरी पृथ्वीपासून 90 लाख मैलांवरच्या एका लघुग्रहावर एकटा. दया येऊन अवकाशयानाचा कप्तान त्याला अ‍ॅलिशिया ही यंत्रस्त्री आणून देतो. पुढे कॉरीला माफी मिळते, पण यानात सामान 15 पौंडांचंच चालणार असतं. कॉरी तिला सोडायला तयार होत नाही, तेव्हा कप्तान तिच्या तोंडावर गोळी झाडतो आणि आतल्या तारा उघड्या पडतात. एकटेपणाचं इतकं जळजळीत चित्र फार थोड्यांना जमलं आहे. पण खून? तो म्हणे स्वसंरक्षणार्थ. मेलेल्या माणसाच्या घरी कोण उरलं, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही.

‘अँडॉर’ (2022) ही मालिका तर याहून लबाड. पहिल्याच भागात नायक कॅसियनच्या हातून झटापटीत एक माणूस मरतो. गयावया करणाऱ्या दुसऱ्याला तो समोरून गोळी घालतो. पण नार्किना 5 वरच्या तुरुंगात त्याची रवानगी होते ती भलत्याच, न केलेल्या गुन्ह्यासाठी. मग त्याच्याबद्दल हळहळायला आपण मोकळे! निरपराध माणसाची कीव करायला पदरचं काहीच मोडावं लागत नाही.

आणि जो खरोखर अपराधी आहे, त्याचं काय? त्याला एकटं टाकलं की आपोआप पश्चात्ताप होईल, ही समजूत फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाने 1829 पासून राबवली. कोठडीबाहेर काढताना कैद्याचा चेहरासुद्धा झाकायचे. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्सने ते पाहिलं आणि मनाचा हा छळ शरीराच्या छळाहून वाईट असल्याचं लिहिलं. तरीही आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेत सक्तमजुरीच्या कैद्याला एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतवास देण्याची तरतूद ब्रिटिशांच्या कायद्यातून जशीच्या तशी आली आहे. मला याची चीड येते. एकांतात माणूस भिंतीशी बोलू लागतो, भ्रमिष्ट होतो. आपण कुणाचं काय केलं हे उमगायला समोर माणूस लागतो.

हे ओळखलेला चित्रपट म्हणजे डेव्हिड फिंचरचा ‘एलियन 3’ (1992). फ्युरी 161 या ग्रहावरचा तुरुंग बंद झाला आहे, तरी काही कैदी स्वखुशीने मागे राहिले आहेत. नायिका रिप्ली आभार मानायला डिलन या कैद्याच्या टेबलाशी येते, तर तो तिला तोंडावर सांगतो, की मी खुनी आहे, बायकांवर बलात्कार केलेला माणूस आहे. स्वसंरक्षण नाही, खोटा खटला नाही. पुढे तिच्यावर हात टाकणाऱ्या आपल्याच सोबत्यांना तो लोखंडी कांबीने झोडपतो. आधीच्या चित्रपटातली न्यूट आणि हिक्स ही पात्रं सुरुवातीलाच मेली म्हणून चाहत्यांनी या चित्रपटाच्या नावाने बोटं मोडली. मोडोत. खऱ्या गुन्हेगाराला बोलू देण्याची हिंमत सर्लिंगसारख्या दिग्गजाला झाली नव्हती, ती इथे आहे.